गावंडे सिस्टरची कळलावी

"मॅडम! ओ मॅडम! बाहेर या. आत्ताच्या आत्ता या. दूध उतू गेलं तं जाऊ द्या!"

अमरावतीला बदली होऊन मला आठवडाही झाला नव्हता. अर्धी खोकी बांधलेलीच होती. कंपाउंडच्या भिंतीपलीकडून ही हाक आली तेव्हा मला वाटलं, कुठेतरी आग लागली. गॅस बंद केला आणि तशीच बाहेर धावले. भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून एक साठीची, उंच, सावळी बाई उभी होती. केसांचा घट्ट अंबाडा, पदर कमरेला खोचलेला आणि हातात प्लास्टिकचा ट्रे. ट्रेमध्ये नुसती माती.

"दिसलं?"

"काय?"

"काय म्हंजे? तेरडा! रानातला तेरडा! लय वाट पाहाले लावली मेल्यानं, पण आला."

मी वाकून पाहिलं. मातीतून टाचणीच्या डोक्याएवढं हिरवं काहीतरी वर आलं होतं. नव्या शेजाऱ्याशी बोलतात तशा सुरात मी म्हटलं, "छान आहे."

"छान?" बाईंनी ट्रे छातीशी धरला. "माय वं! एवढ्याश्या बीतून जीव बाहेर आला आन् तुमी छान म्हणता? छान साडीले म्हणाव."

मी मूळची साताऱ्याची. असं तोंडावर बोलणं मला नवीन होतं. घरात येऊन मी नवऱ्याला म्हटलं, शेजार काही बरा दिसत नाही. पुढची पाच वर्षं मी त्या भिंतीपाशी किती वेळा धावत गेले, याची मोजदाद नाही.

त्यांचं नाव निर्मला गावंडे, पण ते नाव कुणी घेत नसे. कॉलनी त्यांना सिस्टर म्हणे. खुद्द गावंडे काकाही "सिस्टर, चाय झाली का?" असं विचारत आणि आपण काय बोललो याचं त्यांना काहीच वाटत नसे. सिस्टरांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात गेली होती. त्यांच्याबरोबर भाजी घ्यायला गेलं की उशीर ठरलेला. ऑटोवाला थांबून सांगे, "सिस्टर, माह्या पोट्ट्याच्या टायमाले तुमीच होत्या जी." चेहरा त्यांना आठवत नसे. त्या विचारत, "पायाळू होतं का?" तो हो म्हणाला की मग सगळं आठवे, पाऊस किती होता आणि त्याची बायको कुणाच्या नावानं बोटं मोडत होती इथपर्यंत.

त्यांचं बालपण बार्शीटाकळीकडचं. तिकडे काळी जमीन, कपाशी, तूर. फूल म्हणजे देवाला वाहायचं किंवा वेणीत माळायचं, यापलीकडे त्यांनी कधी विचारच केला नव्हता. रिटायर झाल्यावर वॉर्डातल्या बायकांनी त्यांना श्रावणात चिखलदऱ्याला नेलं. बाकीच्या कणसं खात फोटो काढत होत्या. सिस्टर उतारावरच्या झाडीत शिरल्या आणि तिथेच थांबल्या. सागाखाली तेरड्याचे गुलाबी ताटवे, रानहळदीचे तुरे, आणि एका झुडपावर चढलेली कळलावी. लाल-पिवळी, पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, चुलीतल्या जाळासारखी.

"घरापासून दोन-तीन घंट्यावर होतं वं हे," त्या मला सांगत. "जल्म गेला अमरावतीत, आन् मले कोनी सांगतलंच नाही."

त्यांनी एक हिरवी शेंग तोडून पर्समध्ये टाकली. नाक्यावर वनखात्याच्या एका तरुण गार्डनं ती बघितली, परत नेऊन ठेवायला लावली आणि जंगलातलं पानसुद्धा का न्यायचं नसतं, हे सगळ्यांसमोर ऐकवलं. हा किस्सा त्या स्वतःच रंगवून सांगत. "जल्मभर बायांवर मी ओरडली. पण त्या पोट्ट्यानं मले जे झापलं ना, बाप्पा! आन् बरोबर होतं त्याचं."

पण सिस्टर गप्प बसणाऱ्या नव्हत्या. अंजनगाव सुर्जीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, रुखमाबाई नावाच्या एका बाईचं शेत होतं. तिची मुलगी सिस्टरांच्याच हातांवर जन्मलेली. तिच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, डोंगरातली ही सगळी फुलं आपोआप उतरून आली होती, आणि दर वर्षी त्यांच्यावर तणनाशकाचा फवारा बसत असे. सिस्टरांनी तिला फोन लावला, "रुखमे, औषध मारू नोको. मी येऊन राहिली." दिवाळीनंतर त्या एस.टी.नं गेल्या आणि जुन्या ओढणीत बिया बांधून परत आल्या. तेरडा, सोनकी, रानहळदीच्या गाठी, आणि कळलावीच्या लालभडक बिया. भुईआमरी नावाच्या रानफुलाची धुळीसारखी बी मात्र गाडीतच गेली. त्यांना शिंक आली होती.

तेरड्यानं त्रास दिला नाही. सोनकी थोडी रुसली, मग आली. कळलावी काही केल्या येईना.

सिस्टरांनी बिया कोमट पाण्यात भिजवल्या. पॉलिशपेपरवर घासल्या. रोज ट्रेसमोर बसून त्या वॉर्डातल्यासारख्या बोलत, "घाबराचं नाही. ओरडाचं तं ओरड. पण जोर लाव, माय, जोर लाव!" आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ते ऐकू यायचं. पहिल्यांदा माझ्या सासूबाई आल्या तेव्हा शेजारी कुणीतरी अडली आहे असं समजून त्यांनी पाणी गरम करायला ठेवलं होतं.

मग मे महिना आला. अमरावतीचा मे ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. एका दुपारी मी काहीतरी मागायला त्यांच्याकडे गेले. दिवाणखान्यात कुलर जोरात सुरू होता. त्याच्यासमोर तीन खुर्च्या होत्या आणि त्यांवर मातीचे तीन ट्रे. गावंडे काका पलीकडच्या कोपऱ्यात डोक्यावर ओला पंचा घेऊन बसले होते.

"काका, तुम्ही तिकडे?"

"माहा नंबर ह्यायच्यानंतर," काका ट्रेंकडे बोट दाखवत म्हणाले. त्या आवाजात तक्रार नव्हती. तेसुद्धा ट्रेकडेच बघत होते.

काही दिवसांनी तिन्ही ट्रेंवर पांढरी बुरशी धरली. माती उकरली तर बिया मऊ पडून कुजल्या होत्या. त्या दिवशी भिंतीवरून हाक आली नाही. मीच गेले. सिस्टर मोरीत बसून उकळत्या पाण्यानं ट्रे धूत होत्या.

"मीच मारलं," त्या म्हणाल्या. "लय जपलं. वाट पाहाची मले सवय हाय वं, पण बाईचा हात हातात धरून. हे बी तं काही सांगतच नाही." मग ट्रे उपडा घालून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मले सांग, जंगलात कुलर कोन लावते?"

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी सगळी रीत बदलली. न्हाणीघरामागच्या सावलीतली चिकट काळी माती काढली, तिच्यात मुरूम मिसळला. मग पाला गोळा करायची धूम सुरू झाली. सकाळी काका स्कूटर काढत, मागे सिस्टर मोकळी पोती घेऊन बसत. कॅम्प भागातल्या मोठ्या झाडांखाली झाडूवाल्या बाया पाल्याचे ढीग करून काडी लावायच्या बेतात असत, तेवढ्यात सिस्टर पोचत. "थांब वं! जाळू नोको! माहं हाय थे!" येताना त्या दोन पोत्यांच्या मधे अशा दडलेल्या असत की मागून पाहिलं तर पोत्यांना अंबाडा फुटल्यासारखा दिसे.

रुखमाबाईकडच्या नव्या बिया त्या कोपऱ्यात पाल्याखाली गेल्या. त्यानंतर काय करायचं, तर काहीच नाही. सिस्टरांना हेच जमत नव्हतं. त्यांनी काकांना पहारा दिला, "मी तिकडे गेली तं मले ओरडजा." काका जन्मात कुणावर ओरडले नव्हते. ते नुसते खाकरत. मी आमच्या खिडकीतून पाहिलंय, सिस्टर दबकत कोपऱ्यापर्यंत जायच्या, मागून खाकरणं यायचं, आणि त्या हात पाठीमागे बांधून परत फिरायच्या.

जुलैमध्ये एका रविवारी हाक आली. या वेळी शब्द नव्हतेच, नुसता "ऊऽऽ" असा आवाज. मी गेले. माझ्याआधी पलीकडच्या घरातल्या सपकाळ आजी येऊन उभ्या होत्या. कुजक्या पाल्यातून एक बारीक पातं वर आलं होतं.

"गवत हाय," आजी म्हणाल्या.

"गवत? पान पाहा, आजी! गवताचं असं असते?" सिस्टर गुडघ्यावर बसल्या होत्या. "कळलावी हाय! माही कळलावी! अहो, जा, बर्फी आना. पोरगी झाली!"

काका चप्पल न घालताच स्कूटरवर बसले.

बर्फी आली, पण वेलीचं नाव डोक्यात शिरताच सपकाळ आजींनी हातातली बर्फी खाली ठेवली. कळलावी दारात लावली की घरात भांडणं लागतात, असं त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. सिस्टरांनी ती बर्फी उचलून पुन्हा त्यांच्या हातावर ठेवली. "आमच्या घरी भांडाले झाड लागत नाही, आजी. मी एकटी पुरते." मग त्या म्हणाल्या, "नाव कावून पडलं सांगू? जुन्या काळी बाईले कळा याव्या म्हनून हिचा कंद लावत. पन जहर हाय हे. मी पोरी शिकवल्या तवा पहिले हेच सांगे, असलं काही पोटात जाऊ द्याचं नाही." त्याच दिवशी त्यांनी त्या कोपऱ्याला जाळी मारली.

दिवाळीनंतर पातं पिवळं पडलं आणि नाहीसं झालं. काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. सिस्टरांनी चमच्यानं माती हळूच बाजूला केली. खाली शेंगदाण्याएवढा पांढरा कंद होता. त्यांनी तो लगेच झाकला आणि तोंडावर बोट ठेवून आम्हाला मागे सारलं. "झोपली हाय."

दुसऱ्या पावसाळ्यात तो कंद उठला, वीतभर वाढला आणि पुन्हा झोपला. तिसऱ्यात कमरेएवढा झाला. पानांची टोकं वेटोळी होऊन जाळीला धरू लागली. ते पहिलं वेटोळं बघायला मला ओल्या केसांनी जावं लागलं. "पाह्य, बोट धरलं तिनं," सिस्टर म्हणाल्या. तोवर मी त्यांच्यासाठी मॅडमची वैशाली झाले होते आणि "छान" हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचं सोडून दिलं होतं.

चौथ्या पावसाळ्यात बँकेत माझ्या काउंटरपुढे रांग लागलेली असताना फोन वाजला.

"वैशाली, ये."

"सिस्टर, लंचला येते ना."

"लंच गेलं खड्ड्यात! उमलून राहिली वं, उमलून राहिली!"

मी शेजारच्या टेबलावर काम सोपवलं आणि रिक्षा केली. घरासमोर ही गर्दी. दूधवाला, इस्त्रीवाला, सपकाळांकडचं सगळं घर, कोपऱ्यावरच्या शिकवणीतल्या मुली. जाळीच्या वर कळलावीचं एकच फूल होतं, अजून हिरवट पिवळं. सहाच्या सहा पाकळ्या मागे वळायला लागल्या होत्या, कडांना झालर. सिस्टर त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि आलेल्या प्रत्येकाला पुढे ओढून दाखवत होत्या. "लाल होईन आता. हळू हळू होईन. उद्या बी येजो. परवा बी येजो!"

लोक खरंच आले. रोज. पिवळ्याचं केशरी झालं, केशरीचं लाल झालं, मागून चार कळ्या उमलल्या, आणि त्या आठवड्यात आमच्या कॉलनीत दुसरा विषय नव्हता. सपकाळ आजी सकाळी पूजा झाली की भिंतीशी येऊन उभ्या राहत. मग एकदा म्हणाल्या, "उलट्या ज्योतीवानी दिसते वं." सिस्टरांनी ते घरोघरी जाऊन सांगितलं.

नंतर शेंगा धरल्या. त्या फुटायच्या आधी सिस्टर एकेक काढून घेत. एक वेल मात्र भिंतीवरून सपकाळांच्या बाजूला उतरला होता आणि त्याला पाल्याआड लागलेली शेंग कुणाच्याच नजरेला पडली नाही.

मी अंगणात कपडे वाळत घालत होते. सपकाळ आजींची किंकाळी ऐकू आली आणि मी तिकडे धावले. त्यांची चार वर्षांची नात, परी, भातुकली मांडून बसली होती. तिच्या छोट्या ताटलीत लाल दाणे होते. "डाळिंब," ती म्हणाली.

सिस्टर भिंत ओलांडून कशा आल्या ते मला अजूनही कळलेलं नाही. आम्ही सगळे ओरडत होतो. एरवी चार घरं ऐकू जाणारा त्यांचा आवाज त्या वेळी इतका खाली आला होता की आम्हाला गप्प व्हावं लागलं.

"परी, आ कर बेटा. जीभ काढ. हं. बाहुलीले देल्ले का तूनं? आन् तूनं किती खाल्ले?"

"मी नाही. बाहुलीनं."

त्यांनी तिचं तोंड बोटानं तपासलं, हात धुतले, ताटलीतल्या बिया आणि फुटलेली शेंग रुमालात बांधून बरोबर घेतली. "ती म्हणते नाही. पण लेकराच्या शब्दावर आपण बसाचं नाही. चला." ऑटोत परी आईच्या मांडीवर होती आणि सिस्टरांनी तिचं मनगट सोडलं नव्हतं. दवाखान्यात तिला देखरेखीखाली ठेवलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. सिस्टर बसल्या नाहीत. बऱ्याच वेळानं आतून परीचा आवाज आला, भूक लागली म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं, पोटात काही गेलेलं नाही. सपकाळांची सून रडायला लागली. सिस्टर भिंतीला टेकून हळूच खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिकावाचा आवाज आला. सिस्टर न्हाणीघरामागे उभ्या होत्या. काका जाळी सोडवत होते.

"सिस्टर, काय करताय?"

"काढून टाकतो. माहीच चूक हाय. जाळी मारली आन् वरतं पाह्यलंच नाही."

तेवढ्यात सपकाळ आजी फाटकातून आत आल्या. मला वाटलं, आता ऐकवणार. म्हातारीला तो हक्क होता. त्या सरळ गेल्या आणि टिकावाच्या दांड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"चार वर्सं जीव लावला, आन् आता मारून टाकतं?"

"आजी, परीले काही झालं असतं तं?"

"झालं असतं तं मीच उपटली असती. तुले बी सोडलं नसतं." आजींनी दांडा सोडला नाही. "नाही झालं ना? मंग गच्चीवर ने. ड्रमात लाव. दाराले कुलूप घाल आन् चाबी मले दे. तुह्या भरवशावर मी ठेवत नाही आता."

सिस्टरांनी टिकाव टाकला आणि आजींना अशी मिठी मारली की आजींच्या डोक्यावरचा पदर काकांच्या हातातल्या जाळीत अडकला.

कंद गच्चीवर गेले. चावी सपकाळ आजींच्या कमरेला. पुढच्या श्रावणात कळलावी फुलली तेव्हा सिस्टरांना स्वतःच्या गच्चीवर जायला शेजारच्या घराची कडी वाजवावी लागे, आणि आजी "थांब, देवाचं आटोपू दे" म्हणून त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवत. उमललेलं फूल आधी कोण बघणार यावरून दोघींचं रोज वाजे. अंगणात मात्र सिस्टरांनी आता फक्त हात लावला तरी चालेल अशीच फुलं ठेवली. तेरड्याची पिकली बोंडं चिमटीत धरली की फट्कन उडतात. परी तासन् तास तेच करत बसे.

त्याच वर्षी माझी अकोल्याला बदली झाली. तोवर सिस्टरांनी कॉलनीतली मोकळी जागा ताब्यात घेतली होती, जिथे पूर्वी कचरा जळायचा. कडुनिंबांच्या सावलीत पाला टाकून त्यांनी तिथे रानहळद आणि सोनकी लावली होती. मी निघणार त्या सकाळी आमच्या सामानाचा ट्रक वळवायला म्हणून त्या जागेकडे मागे सरकू लागला. सिस्टर आमच्या दारात मला ओवाळायला ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते ताट माझ्याच हातात दिलं आणि पळाल्या.

"ए! ए भौ! थांब! चाक पाह्य!"

दोन्ही हात पसरून त्या ट्रकच्या मागे उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "काय झालं जी? गवतच तं हाय."

"गवत? उतर खाली. उतर म्हणतो ना, दाखवतो तुले!"

तो उतरला. त्याचा क्लीनरही उतरला. आम्ही कारमध्ये बसून वाट पाहिली. उन्हं वर यायला लागली तेव्हा नवरा म्हणाला, आपण पुढे होऊ, ट्रक येईल मागून. गाडी सुरू झाली. मी काच खाली करून, हातातलं ताट सांभाळत, मागे वळून हात केला.

आमचं सगळं घरदार लादलेला ट्रक इंजिन सुरू ठेवून आडवा उभा होता. चाकाशेजारी तिघंही उकिडवे बसले होते. सिस्टर दोन्ही हातांनी काहीतरी भराभर सांगत होत्या. ड्रायव्हरनं त्यांचा चष्मा मागून घेऊन स्वतःच्या डोळ्यांवर चढवला होता आणि नाक मातीला टेकेल इतका वाकून तो बघत होता. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही.